लाल दोऱ्यापाशी पाणी

...आणि वर मलाच शहाणपण शिकवतात, ऑटोमॅटिक बसवा म्हणून. मला! चाळीस-एक हिवाळे ज्याने त्या बॉयलरच्या काचेला डोळा लावून काढले, त्याला. रोमेओ, मान खाली. तुझ्या मानेवर केस आहेत की गळपट्टा हेच कळत नाही, अजून खाली, हां, आता हलू नकोस. तुम्हाला सांगतो, बाकावरच्या मंडळींनीसुद्धा ऐका, घाई कुणालाच नाहीये, बाहेर बर्फ पडतोय आणि अख्ख्या वूनसॉकेट गावात आत्ता माझ्या दुकानाइतकी उबदार जागा दुसरी नाही. एक आहे, माझं घर. आणि ते उबदार का आहे? कुणाच्या जिवावर? विचारा, विचारा. कुणी विचारत नाही. मी गेली चाळीस वर्षं सांगतोय, पण ऐकतंय कोण!

बघा, आमचं घर म्हणजे तुमच्यासारखंच, तीन मजले, तीन मागच्या गॅलऱ्या, एकावर एक. खालच्या मजल्यावर मी आणि फर्नांद. फर्नांद म्हणजे आमची ही. मधल्या मजल्यावर फर्नांदची बहीण ब्लांदीन, जिच्या चालण्याने आमच्या डोक्यावरचा दिवा हलतो. सगळ्यात वर माझी मुलगी राशेल आणि तिचा नवरा डग, तो बोस्टनकडचा, त्याला आपली फ्रेंच येत नाही पण बॉयलर येतो. म्हणजे त्याचं म्हणणं असं की येतो. आणि या तिन्ही बिऱ्हाडांना मिळून तळघरात एक बॉयलर, त्याच्याच वाफेवर अख्खं घर तापतं. ओतीव लोखंडाचा, माझ्या सासऱ्याच्या वयाचा आणि त्याच्यासारखाच, पोट मोठं, बोलणं कमी, वेळेवर पाणी मिळालं की शांत.

आता त्याच्या पोटात पाणी किती आहे ते कळायला बाजूला काचेची एक नळी असते, माहितीये तुम्हाला. त्या नळीला मध्याच्या जरा वर एक लाल दोरा बांधलाय. लोकरीचा. फर्नांदच्या विणकामातला, आमच्या पहिल्या हिवाळ्यात तिनेच बांधून दिलेला. म्हणाली, "ओव्हिला, तू रोज वर येऊन पाणी कुठे होतं ते हात करून दाखवतोस, रोज वेगळीकडे दाखवतोस, हा घे दोरा." पाणी दोऱ्यापाशी, म्हणजे घर ठीक. पाणी दोऱ्याच्या वर गेलं तर बॉयलर वाफेबरोबर पाणीच थुंकायला लागतो आणि नळ्या रात्रंदिवस बडवतात. पाणी काचेतून दिसेनासं झालं तर हात बांधून उभं राहायचं, थंड होऊ द्यायचा, तापलेल्या लोखंडात गार पाणी सोडलंत तर ते तडकणार आणि तुम्ही शेजाऱ्याच्या सोफ्यावर झोपणार. साधी गोष्ट. दर रविवारी चर्चहून आलं की कोट काढायच्या आधी मी खाली जाणार, बादली लावणार, तळाचा गाळ सोडणार, गंजाचं तांबडं पाणी स्वच्छ होईपर्यंत, मग जेवढं काढलं तेवढंच परत घालणार. बादलीला बादली. मग जेवण. आमच्या घरात सूप बॉयलरनंतर, हा कायदा आहे.

आणि दुसरा कायदा. हा नीट ऐका, यावर सगळं आहे. आमच्याकडे खोल्या तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरला एकच नळी. दोन नाहीत, एक. त्याच नळीतून वाफ वर जाते आणि थंड होऊन तिचं झालेलं पाणी त्याच नळीतून गुपचूप खाली येतं. म्हणून रेडिएटरची चावी एक तर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. अर्धी नाही. अर्धी केलीत की वाफ आत घुसते पण पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, ते तिथेच तुंबून बसतं, रेडिएटर ठणाणा करतो आणि खाली बॉयलर तहानेने मरतो. चावी अर्धी नाही! मी हे जेवताना सांगितलं, नाताळात सांगितलं, ब्लांदीनच्या नवऱ्याच्या मयताला सांगितलं, कारण तिथे कुणीतरी रेडिएटरशी चाळे करत होतं. फर्नांद आपली भाजी चिरतेय, मोजे विणतेय, मान खाली. "फर्नांद, कळलं का, अर्धी नाही." ती म्हणते, "हं." पण ऐकतंय कोण!

तर हे ऑटोमॅटिक. काय असतं ते? एक डबा. पाणी कमी झालं की आपणहून पाणी सोडतो. वा. पण का कमी झालं ते विचारतो का? नाही. थंडीच्या दिवसात पाणी वाफ होऊन वर गेलेलं असतं, अजून खाली यायचंय, आणि याला काय वाटतं, गेलं, संपलं, ओता! ओततो. मग वरचं पाणी सावकाश परत येतं आणि बघतं तर घर भरलेलं. बॉयलर बुडाला. आणि खरंच कुठे गळत असेल तर हा गुपचूप ओतत राहतो, तुम्हाला पत्ताच नाही, नवीन पाणी, नवीन गंज, लोखंड आतून खाऊन साफ. असा नोकर ठेवाल का दुकानात? डग म्हणतो, "ओव्हिला, आता सगळेच बसवतात." मी म्हटलं, जावईबापू, सगळेच टकलावरून केस ओढून घेतात, म्हणून ते चांगलं दिसतं का? रोमेओ, तुला नाही म्हटलं. हलू नकोस.

आता हा विषय निघाला कुठून, तेही सांगतो. डिसेंबरात मी तळघराच्या जिन्यावर बसलो. लक्षात ठेवा, बसलो. बाकीचे म्हणतात पडलो. हातात भरलेली बादली होती, पायरी ओली होती, गुडघा जरा रुसला, आणि मी बसलो. थोडा अनपेक्षितपणे, पण बसलो. यात एवढं काय? तुम्ही काय बसत नाही?

मग आला नववर्षाचा दिवस. आपल्यात त्या दिवशी थोरलं लेकरू बापापुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागतं, माझ्या बापापुढे मी टेकले, त्याच्या बापापुढे त्याने. तर राशेल माझ्यापुढे गुडघे टेकून बसली, सगळे उभे, ब्लांदीनचे डोळे आधीच ओले, मी हात वर केला, आता क्रुसाची खूण करणार, तेवढ्यात पोरगी मान वर करते आणि म्हणते, "पपा, आशीर्वाद द्या, आणि ऑटोमॅटिक बसवायला हो म्हणा." गुडघ्यांवर बसून! माझा हात वरच राहिला. हात खाली आणावा तर आशीर्वाद अर्धा, आणि मी अर्ध्याचा माणूस नाही. म्हटलं, "देव तुला सुखी ठेवो, निरोगी ठेवो, आणि ऑटोमॅटिक बसणार नाही, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." डगने "आमेन" म्हटलं. त्याला कळलंच नव्हतं.

मग काय, टेबलावर खणाखणी. राशेल म्हणते, "पपा, तुमचं वय काय, तो जिना काय, एक दिवस आम्ही वर झोपलेले असू आणि तुम्ही खाली..." आणि रडायला लागली. ब्लांदीन म्हणते, "ओव्हिला, तू हट्टी आहेस, तुझी आईपण अशीच होती." आईला मध्ये आणलं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली, खरं म्हणजे मांस भरलेल्या पाईमध्ये आपटली, पण आवाज आला. म्हटलं, लावा पैज. मार्दी ग्रापर्यंत, उपवासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत. रविवारी बादलीला बादली, त्यापलीकडे एक थेंब मी घालणार नाही. मार्दी ग्राच्या संध्याकाळी सगळे खाली या. पाणी लाल दोऱ्यापाशी असलं तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही, आणि तळघर माझं, मी मरेपर्यंत. नसलं तर बसवा तुमचा डबा, मी पुन्हा खाली पाऊल टाकणार नाही, किल्ली डगच्या हातात देईन. बोला. फर्नांद त्या चेचलेल्या पाईचे तुकडे करून वाढत होती. काही बोलली नाही. मला वाटलं, बाई माझ्या बाजूने आहे.

जानेवारी सोन्यासारखा गेला. पाणी दोऱ्याला चिकटलेलं. मी रोज खाली जायचो, हो, कठडा धरून, आणि वर येऊन फर्नांदला सांगायचो, "दोऱ्यापाशी." ती म्हणायची, "हं." डग जिन्यात भेटला की मी नुसता हसायचो. नाकावर टिच्चून हसायचो.

आणि मग एका सकाळी जाऊन बघतो, तर पाणी बोटभर खाली.

डोळे चोळले, चष्मा पुसला. बोटभर. दुसऱ्या दिवशी दोन बोटं. तळघरात गुडघे टेकले, वरचं पाणी बॉयलरकडे परत आणणारी नळी फरशीखाली पुरलीय तिथे कान लावला, ओल शोधली. कोरडी ठणठणीत. डग मागून बॅटरी घेऊन आला, अगदी गोड आवाजात, "पुरलेली नळी गळतेय, ओव्हिला, फरशी फोडावी लागेल." मी म्हटलं, गळत असतं तर उतरतच गेलं असतं ना बाबा, हे दोन बोटं उतरलं आणि थांबलं. दोन बोटं पिऊन कोण थांबतं? हे पाणी घराबाहेर गेलेलं नाही, घरातच कुठेतरी दडून बसलंय, कुणीतरी चावी अर्धी केलीय. पण ऐकतंय कोण!

संशय सरळ ब्लांदीनवर. कारण वरून ठण, ठण, ठण असा आवाज यायला लागला होता, आणि फर्नांदच म्हणाली, "ताईच्या टाचा असतील." वर गेलो. ब्लांदीनने दार अडवलं. रेडिएटरवर ब्रेडचं पीठ फुगायला ठेवलेलं, त्यावर टॉवेल. मी चावीला हात लावायला वाकलो तर म्हणते, "ओव्हिला, पिठाला धक्का लागला तर तुझ्या डोक्यावर फुगवीन ते." मी म्हटलं, मला फक्त चावी बघायचीय. म्हणते, "पूर्ण उघडी आहे! चाळीस वर्षं बोंबलतोयस, कोणाची हिंमत आहे अर्धी करायची?" बघितली. पूर्ण उघडी. सगळ्या पूर्ण उघड्या. राशेलकडे गेलो, तिथे चाव्या उघड्या आणि खिडक्यासुद्धा उघड्या. मी फेब्रुवारी तापवत होतो आणि पोरं बाहेरचा रस्ता तापवत होती. राशेल म्हणाली, "पपा, बसा जरा, तुम्हाला धाप लागलीये." मला बसायचं नव्हतं. बसलो की म्हणतात पडलो.

झोप उडाली, तुम्हाला सांगतो. इथे कुणाचे तरी कल्ले कापताना एक लहान एक मोठा झाला, कोण होता ते सांगत नाही, तो बाकावर बसलाय. तळघर गेलं तर माझ्याकडे राहतं काय? गिऱ्हाईकं थकत चालली, मुलगी मोठी झाली, चर्चमध्ये फ्रेंच बंद झालं. एक ते लोखंड होतं जे माझ्याशिवाय चालत नव्हतं. ते डगच्या डब्याला देऊन मी काय करू, खिडकीत बसून बर्फ मोजू? आणि मोह नाही का झाला? झाला. कुणी बघत नसताना बॉयलरच्या पाण्याची चावी सोडायची, दोन बोटं पाणी घालायचं, कोणाला कळणार आहे? हात चावीपर्यंत गेलासुद्धा. पण नाही. बादलीला बादली म्हणजे बादलीला बादली. हरेन, पण पाणी चोरून जिंकणार नाही.

उजाडला मार्दी ग्रा. सकाळी काचेत बघितलं, दोन बोटं खाली. दुकान लवकर बंद केलं, घरी गेलो. फर्नांद क्रेपचं पीठ घोटत होती, लोणी, मेपलचा पाक, सगळं टेबलावर मांडलेलं, आणि सगळे येणार म्हणून खुर्च्या कमी. जादा खुर्च्या कुठे? पुढच्या खोलीत. आमची पुढची खोली कशी आहे सांगू? सोफ्यावर प्लास्टिक, दार लावलेलं, ती पाद्रीबाबांसाठी आणि प्रेतांसाठी. मी तिथे शेवटचा बसलो ते आईला ठेवलं होतं तेव्हा, सगळ्या घराच्या चाव्या तपासल्या तेव्हाही या दाराकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. मी म्हटलं, आणतो खुर्च्या. तर फर्नांद हातातला डाव टाकून म्हणते, "मी आणते." मी म्हटलं, तुझे हात पिठाचे. म्हणते, "मी आणते म्हटलं ना." पण मी तोपर्यंत दार उघडलेलं.

आत अंधार, आणि अंधारात गुळगुळ, गुळगुळ. कुणी दात नसलेला माणूस सूप पितोय तसं. रेडिएटर. हात लावला, वर कोमट, खाली गार, पोट पाण्याने भरलेलं. वाकलो. चावी बरोब्बर अर्धी. अगदी मापून अर्धी. मी तिथेच प्लास्टिकवर बसलो, मी या वेळी खरंच बसलो, आणि हसायला लागलो. सापडलं! दोन बोटं सापडली! घर शुद्ध, नळी शुद्ध, ओव्हिला देरोशे शुद्ध! म्हटलं, फर्नांद, अगं वेडे, खायचे पदार्थ इथे गार राहावेत म्हणून चावी अर्धी केलीस ना? काही हरकत नाही, होतं असं, तुला कुठे ठाऊक की...

ती दारात उभी. पिठाचे हात एप्रनला पुसत म्हणाली, "एकच नळी असते. वाफ त्यातूनच वर जाते, पाणी त्यातूनच खाली येतं. चावी अर्धी केली की वाफ घुसते, पण पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. ते तिथेच तुंबतं, आणि खाली बॉयलर तहानेने मरतो."

माझेच शब्द. एक न एक. मयताला सांगितलेले.

मी म्हटलं, "म्हणजे तू मुद्दाम?"

म्हणाली, "मी त्या दिवशी स्वयंपाकघरात होते. बादली जिन्यावरून गडगडत गेली ती ऐकली. मग तुझी हाक ऐकायला थांबले. हाक आली नाही. ओव्हिला, किती वेळ आली नाही. मी जिन्याच्या तोंडाशी उभी, पाय उचलेना. मला वाटलं, गेलास. आणि मग तू वर आलास, पँटला गंज, आणि म्हणालास, बसलो होतो."

रोमेओ, मी खरंच तिथे खाली अंधारात पडलो होतो, हो, पडलो होतो, म्हटलं एकदाचं, आणि हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर त्यांनी ऑटोमॅटिक बसवलं असतं. हे तिला न सांगता कळलेलं. ती रडत नव्हती. फर्नांद रडत नाही. मला मात्र ते प्लास्टिक धूसर दिसायला लागलं.

म्हणाली, "चावी उघड. अजून वेळ आहे, पाणी खाली जाईल. जिंकायचं तर जिंक. मी कुणाला सांगणार नाही." आणि गेली क्रेप टाकायला.

मी चावी उघडली. पूर्ण. अर्धी नाही.

संध्याकाळी सगळी वरात तळघरात. डगने काचेवर बॅटरी मारली, पाणी लाल दोऱ्यापाशी, केसाचाही फरक नाही. त्याने नळीला टिचकी मारली. "काल तर दोन बोटं खाली होतं." मी म्हटलं, जावईबापू, काल कालचं. राशेल माझ्याकडे बघते, काचेकडे बघते. "पपा, पाणी घातलंत?" मी म्हटलं, तुझ्या आईची शपथ, थेंब नाही. ब्लांदीन म्हणाली, चमत्कार, आणि तिने क्रुसाची खूण केली. मी जिंकलो. तळघर माझं, मरेपर्यंत. डगने हात मिळवला, किल्ली माझ्या खिशात.

वर येऊन क्रेप खायला बसलो तर फर्नांद तव्याकडे बघतच म्हणते, "बरं झालं, डबा नको. आता रविवारी बादली घेऊन मी खाली जात जाईन. ओव्हिला वरून सांगेल." राशेल म्हणाली, "आई, तुला त्यातलं काय कळतं?" फर्नांदने क्रेप उलटला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हं."

नाही म्हणू शकलो असतो. म्हणणारच होतो. आयुष्यभर नाही म्हणत आलोय, सरावाचं आहे. पण ती जिन्याच्या तोंडाशी किती वेळ उभी होती ते डोळ्यांपुढे आलं, आणि तोंडात क्रेप होता.

तर आता दर रविवारी मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो, चर्चच्या कोटात. ती खाली. मी ओरडतो, "गाळ सोडलास?" "सोडला." "स्वच्छ येईपर्यंत?" "हो." "बादलीला बादली!" "ओव्हिला, ठाऊक आहे." दोऱ्यापाशी, दरवेळी दोऱ्यापाशी, माझ्यापेक्षा नेमकं. डग जाता-येता विचारतो, "कसं चाललंय?" मी म्हणतो, बघ, शेवटी ऑटोमॅटिक बसलंच, फक्त ते माझ्याच मनाप्रमाणे बसलं. हरलेलो नाही मी, लक्षात ठेवा. डबा आला नाही म्हणजे आला नाही, आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर येणार नाही.

एकच पंचाईत झालीय. चाळीस वर्षं मी त्या घरात बेधडक बोलत होतो, सरकारबद्दल, पाद्रीबाबांबद्दल, तिच्या आईबद्दल, वाट्टेल ते, कारण खात्री होती, कोण ऐकतंय. आणि आता कळलं, बाई सगळं ऐकत होती. शब्द न चुकवता. चाळीस वर्षांचं. परवा मी तिच्या मटारच्या सूपबद्दल तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणून आता जे काय बोलायचं ते इथे दुकानात येऊन बोलतो. आणि हे राशेलच्या कानावर जाऊ देऊ नका, बरं का. काय रे रोमेओ? रोमेओ? ...झोपला. आणि बाकावरचे तुम्ही... तो पेपरमागे घोरतोय, हा खिडकीतून बर्फ बघतोय. असू दे. असू दे. हेच बरं. इथे कसं, मोकळेपणाने बोलता येतं... ऐकतंय कोण.